अनपेक्षित नगर : शाहू मोडक ते ‘फँड्री’



संयोजकांचा फोन आला तेव्हा मी विषय सांगितला, ‘नाटक-सिनेमा बघताना बसणारा सुखद धक्का’. ते म्हणाले, ‘वा सर, उन्हाळ्यात हलकाफुलका विषय बरा.’ मीही हो म्हणालो. पण तयारीला बसलो आणि लक्षात आलं की विषय तितकासा हलका नाही. का नाही, ते आज बघू.

आपण नाट्यगृहात किंवा थिएटरात रिकाम्या डोक्याने जात नाही. पोस्टर पाहिलेलं असतं, नट माहीत असतो, शेजाऱ्याने दोन शब्द सांगितलेले असतात. खुर्चीत बसेपर्यंत निम्मा सिनेमा आपण मनातल्या मनात बघून टाकलेला असतो. मग पडद्यावर काहीतरी वेगळंच सुरू होतं. बऱ्याचदा आपण वैतागतो, ‘पैसे पाण्यात गेले’ म्हणतो. पण कधीतरी उलटं होतं. वेळ घालवायला म्हणून गेलेला माणूस गप्प होऊन बाहेर येतो आणि चहाच्या टपरीवर तासभर बोलत उभा राहतो. त्याला आपण सुखद धक्का म्हणतो.

मी इतिहासाचा माणूस. त्यामुळे मला पहिला प्रश्न पडतो तो असा, की ही मोडलेली अपेक्षा आली कुठून? कारण अपेक्षा आभाळातून पडत नाही. ती कोणीतरी, कधीतरी घडवलेली असते. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं. पुढची कितीतरी वर्षं नाटक म्हणजे सूत्रधार, विदूषक, गणपती-सरस्वतीचं आगमन आणि देव-राक्षसांची लढाई, असं लोकांनी धरून ठेवलं. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ आलं आणि मग गाण्याशिवाय नाटक असतं हे कोणाला पटेना. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ केला, त्यात तारामतीचं काम अण्णा साळुंके या पुरुषाने केलं. आज आपल्याला त्याची गंमत वाटते. त्या काळच्या प्रेक्षकाला, खरी बाई पडद्यावर आली असती तर आश्चर्य वाटलं असतं. म्हणजे धक्का कशाला बसतो, हे त्या त्या काळाच्या सवयीवर ठरतं.

आणि सवय काळाचीच असते असं नाही, गावाचीही असते. आपलं गाव घ्या. आता कागदोपत्री अहिल्यानगर, आपल्या तोंडात नगर. नगर म्हटलं की बाहेरच्या माणसाला काय आठवतं? दुष्काळ, साखर कारखाने, भुईकोट किल्ला, शिर्डीला जाणारा रस्ता. सिनेमा आठवत नाही. नाटक-सिनेमा म्हणजे पुणे, मुंबई, कोल्हापूर. म्हणून आज मी तीन उदाहरणं घेणार आहे, आणि तिन्हींचा धागा या गावाशी जुळलेला आहे.

पहिलं उदाहरण शाहू मोडक.

१९१८ साली नगरमध्ये एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९३१ च्या मार्चमध्ये ‘आलम आरा’ आला, १९३२ च्या फेब्रुवारीत प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’. चित्रपट बोलायला लागला, आणि बोलायला लागला म्हणजे खरं तर गायला लागला. त्या वेळी मैदानात गाणं म्हणणारा नट लागायचा, कारण आवाज आणि चित्र एकदमच घेतलं जायचं. आत्तासारखं मागून दुसऱ्याचं गाणं जोडायची सोय नव्हती. गोड गळ्याच्या मुलांना भाव आला. त्याच वर्षी दादासाहेब तोरणे यांच्या सरस्वती सिनेटोनने ‘श्यामसुंदर’ काढला. दिग्दर्शक भालजी पेंढारकर. राधा झाल्या शांता आपटे, आणि कृष्ण झाला चौदा वर्षांचा हा नगरचा मुलगा. चित्रपट मुंबईत सलग पंचवीस आठवड्यांच्या वर चालला. रौप्यमहोत्सव साजरा करणारा पहिला भारतीय बोलपट म्हणून त्याचं नाव घेतलं जातं.

आता थोडं थांबून विचार करा. पौराणिक चित्रपटाचा प्रेक्षक त्या काळी पडद्यावरच्या देवाला नुसता नट मानत नसे. कृष्ण आला की हात जोडणारी माणसं थिएटरात होती. आणि तो कृष्ण घरी रविवारी चर्चला जाणाऱ्या कुटुंबातला. हे लोकांना कळलं नव्हतं का? कळलं होतं, नाव काही लपवलेलं नव्हतं. तरी लोकांनी तो कृष्ण मनापासून स्वीकारला. इतका की पुढे कितीतरी चित्रपटांत कृष्णाचं काम म्हटलं की शाहू मोडक, असं समीकरणच झालं.

मग प्रभातने त्यांना बोलावलं, आणि बोलावलं ते कशासाठी? १९३९ च्या ‘माणूस’मध्ये हवालदार करायला! व्ही. शांताराम यांचा चित्रपट. गणपत नावाचा पोलीस आणि शांता हुबळीकर यांनी केलेली मैना, जी देहविक्रय करणारी आहे. काल ज्याच्या हातात बासरी होती त्याच्या हातात दंडुका आला. त्या आधी चार वर्षं ‘देवदास’ने देशभर तरुणांना रडवलं होतं. प्रेम फसलं की दारू पिऊन झिजून मरायचं, ही जणू रीतच पडली होती. शांतारामबापूंना ती रीत मोडायची होती. ‘माणूस’चा सगळा रोख असा, की प्रेम गेलं तरी जगणं राहतं आणि कामावर जावं लागतं. प्रेक्षक देवाला बघायला गेला असेल, त्याला भेटला एक बावरलेला, भला पोलीस.

आणि १९४० साली तिसरा टप्पा. दामले-फत्तेलाल यांनी ‘संत ज्ञानेश्वर’ केला आणि ज्ञानेश्वर झाले शाहू मोडक. याच जोडीने चार वर्षांपूर्वी ‘संत तुकाराम’साठी विष्णुपंत पागनीसांना निवडलं होतं. रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारा नट तुकाराम कसा होणार, अशी शंका तेव्हाही होतीच. तो चित्रपट १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. तेव्हा दामले-फत्तेलालांना अनपेक्षित माणूस निवडायची चटकच लागलेली होती म्हणा. (हशा)

पण नगरकर म्हणून मला यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्ञानेश्वरी सांगितली गेली कुठे? नेवाशाला, आपल्याच जिल्ह्यात. तो खांब आजही तिथे उभा आहे, आपण सगळे जाऊन आलोय. साल १२९०. आणि १९४० साली, बरोबर ६५० वर्षांनी, त्याच जिल्ह्यातला एक ख्रिस्ती तरुण पडद्यावर ज्ञानेश्वर म्हणून उभा राहतो. ही कथा तरी कोणाची आहे? संन्याशाची पोरं म्हणून ज्यांना वाळीत टाकलं, ज्यांना शुद्धिपत्रासाठी पैठणपर्यंत चालायला लावलं, त्यांची. कोणी बोलायचं आणि कोणी बोलायचं नाही, हाच त्या कथेचा गाभा. रेड्याच्या तोंडून वेद येतात तो प्रसंग म्हणजे सगळ्या सभेच्या अपेक्षेला बसलेला धक्काच की!

हे सगळं पुण्या-मुंबईला नवलाचं वाटलं. मला मात्र विचारायचंय की नगरच्या ख्रिस्ती वस्तीला किती नवल वाटलं असेल?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे, म्हणून जरा मागे जातो. अमेरिकन मराठी मिशनने नगरमध्ये काम सुरू केलं १८३१ साली. ‘ज्ञानोदय’ इथूनच १८४२ मध्ये निघू लागला. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ ला ख्रिस्ती झाले आणि पुढची कितीतरी वर्षं नगरला राहिले. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त ते नगर तुम्हाला भेटतं. टिळकांनी काय केलं? येशूवर अभंग लिहिले. चर्चमध्ये टाळ-मृदंग आणले, कीर्तनं केली. तुकोबांमुळे आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असं ते उघड सांगायचे. म्हणजे ज्या गावच्या चर्चमध्ये भजनाची चाल ऐकू येत होती, त्या गावच्या ख्रिस्ती पोराला ओवी-अभंगाचा लहेजा जमला, यात काय आश्चर्य? तो सूर गावात होताच. बाहेरच्यांना तो पडद्यावर आल्यावर ऐकू आला.

माझ्या आजच्या बोलण्याचा मुद्दा हाच आहे. ज्याला आपण अनपेक्षित म्हणतो, ते कोणाला तरी आधीपासून ठाऊक असतं. सुखद धक्का म्हणजे आपल्याला उशिरा मिळालेली बातमी. धक्का बसला की ‘किती छान’ एवढं म्हणून न थांबता विचारावं, हा कोणाला बसला नाही?

हा प्रश्न हातात घेऊन दुसऱ्या उदाहरणाकडे येतो. सदाशिव अमरापूरकर.

अमरापूरकर आपलेच, १९५० चा जन्म. नगरच्या शाळा-कॉलेजांतून आणि हौशी रंगभूमीवरून घडले. पुढे मुंबईला व्यावसायिक नाटकात गेले. तिथे ‘हँड्स अप’ या नाटकातलं त्यांचं काम गोविंद निहलानी यांनी पाहिलं आणि १९८३ च्या ‘अर्धसत्य’मध्ये त्यांना रामा शेट्टी दिला. कथा श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’, पटकथा विजय तेंडुलकरांची.

तेव्हाचा हिंदी सिनेमातला खलनायक आठवा. चमचमता अड्डा, बाजूला नाचणारी बाई, गडगडाटी हसू आणि दर दोन मिनिटांनी टाळीचं वाक्य. रामा शेट्टी यातलं काहीच करत नाही. ओरडत नाही, धावत नाही. समोर फौजदार वेलणकर म्हणजे ओम पुरी रागाने थरथरतोय आणि हा शांत. घरगुती माणसासारखा बोलतो. त्याला माहीत आहे की फोन त्याचा चालतो, खुर्ची त्याची ऐकते, मग आवाज कशाला चढवायचा? प्रेक्षक हबकले. ‘हा कोण नट?’ असं विचारत लोक बाहेर पडले. त्या वर्षीचं सहायक अभिनेत्याचं फिल्मफेअर पारितोषिक त्यांना मिळालं.

आता आपला प्रश्न विचारू. हा धक्का कोणाला बसला नाही? ज्याने कधी बाजार समितीत, पतसंस्थेत, एखाद्या वाड्याच्या ओट्यावर बसलेला खरा ताकदवान माणूस जवळून पाहिलाय, त्याला. तो माणूस ओरडत नसतो. ‘बसा, चहा घ्या’ म्हणतो, आणि तुमचं काम होत नाही. (हशा) तुम्ही हसताय म्हणजे तुम्हालाही माहीत आहे. जिल्ह्याच्या गावात वाढलेल्या नटाने आयुष्यभर पाहिलेला माणूस पडद्यावर ठेवला, असं मला वाटतं. हिंदी सिनेमाला तो नवा होता, आपल्याला नव्हता.

पण इथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे, आपला माणूस म्हणून नुसतं कौतुक करून चालणार नाही. १९९१ ला महेश भट्ट यांच्या ‘सडक’मध्ये अमरापूरकरांनी ‘महारानी’ केली, कुंटणखाना चालवणारी तृतीयपंथी व्यक्ती. अभिनय म्हणून बघा, अंगावर काटा येतो. सर्वोत्तम खलनायकाचं फिल्मफेअर तेव्हा पहिल्यांदाच सुरू झालं आणि ते त्यांनाच मिळालं. प्रेक्षकांना जबरदस्त धक्का बसला, यात वाद नाही. पण या धक्क्याने कोणती समजूत मोडली? मला वाटतं एकही नाही. तृतीयपंथी म्हणजे भीतिदायक, ही समाजाची आधीचीच समजूत आणखी घट्ट झाली. त्या समाजातल्या कोणी तो चित्रपट पाहिला असेल, तर त्यांना बाहेर पडताना काय वाटलं असेल? रामा शेट्टीने आपल्याला काहीतरी दाखवलं, महारानीने घाबरवलं. दोन्हींत काम उत्तम. तरी पहिल्याला मी सुखद धक्का म्हणतो, दुसऱ्याला नुसता धक्का.

आता तिसरं उदाहरण, आणि हे अगदी आपल्या डोळ्यांदेखतचं.

नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, वडार समाजातले. जिल्हा सोलापूर, पण संज्ञापन शिकायला ते आले आपल्या न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेजात. त्या शिक्षणाचा भाग म्हणून त्यांनी एक लघुपट केला, ‘पिस्तुल्या’. शाळेची ओढ असलेला आणि पोटासाठी चोरी करणाऱ्या वस्तीत जन्मलेला मुलगा, एवढीच गोष्ट. जिल्ह्याच्या गावातल्या कॉलेजचा अभ्यासक्रम, विद्यार्थ्याचा प्रकल्प. याच्याकडून कोण काय अपेक्षा ठेवणार? मार्क मिळाले की झालं. त्या लघुपटाला २०१० सालासाठीचं, पदार्पणातल्या लघुपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. सिनेमा शिकायला पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्येच जावं लागतं ही आपली समजूत होती. ती लाल टाकीच्या रस्त्यावर मोडली.

मग ‘फँड्री’. १४ फेब्रुवारी २०१४ ला लागला. तारीख बघा, व्हॅलेंटाइन डे. पोस्टरवर पोरगा, जाहिरातीत शाळेतलं प्रेम. आम्ही सगळे एक गोड प्रेमकथा बघायला गेलो होतो. मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याबरोबर गेलो होतो. त्याचं नाव सांगत नाही. तो गावकुसाबाहेरच्या वस्तीतून शिकून वर आलेला आहे.

‘फँड्री’ म्हणजे कैकाडी भाषेत डुक्कर, हे तिथेच कळलं. जब्याचं कुटुंब गावात डुकरं पकडण्याचं काम करतं. शेवटाकडे तो लांबलचक प्रसंग आहे. आई, बाप, बहिणी, जब्या, सगळे डुकरामागे धावतायत, पडतायत, आणि शाळेतली पोरं कठड्यावर बसून हसतायत. सुरुवातीला थिएटरही हसलं. खोटं कशाला बोलू, मीही हसलो. मग डुक्कर हाताशी आलेलं असताना शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. सगळं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं आणि डुक्कर निवांत निघून जातं. आमच्या थिएटरात काही जण अर्धवट उठले. उठावं की बसावं ते कळेना. हसू तिथेच आटलं. पुढे ते डुक्कर बांबूला बांधून नेतात, मागे शाळेच्या भिंतीवर फुले, आंबेडकर, गाडगेबाबा यांची चित्रं. आणि अगदी शेवटी जब्या दगड उचलतो आणि तो दगड सरळ आपल्याकडे येतो. पडदा काळा.

बाहेर येऊन मी म्हणालो, ‘अरे, काय जबरदस्त! मी तर काहीतरी वेगळंच धरून आलो होतो.’ तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘सर, तुम्हाला धक्का बसला. मला नाही बसला. कठड्यावर बसून हसणारी पोरं मी रोज बघितलीत. मला नवल वाटलं ते एवढंच, की हे कोणीतरी थिएटरात दाखवलं.’

मंडळी, मी तीसेक वर्षं शिकवलं. पण त्या दिवशी शिकणारा मी होतो. आम्ही दोघांनी शेजारी बसून एकच सिनेमा पाहिला होता. मला तो अनपेक्षित होता, त्याला तो ओळखीचा होता. मी कोणत्या कठड्यावर बसलो होतो हे मला त्याच्या बोलण्यातून कळलं.

‘फँड्री’ला राष्ट्रीय पारितोषिकं मिळाली, सोमनाथ अवघडे या मुलाला सर्वोत्तम बालकलाकाराचं मिळालं. आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इथे थांबलो असतो तर हे भाषण फार गोड झालं असतं.

पण २८ एप्रिल २०१४. ‘फँड्री’ लागून अडीच महिने झाले होते. आपल्याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला, सतरा वर्षांच्या एका दलित शाळकरी मुलाला मारून टाकण्यात आलं. वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो, हा संशय त्यामागे असल्याचं सांगितलं गेलं. जब्यासारखाच शाळेत जाणारा मुलगा. खटला चालला. साक्षीदार एकामागून एक उलटले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये न्यायालयाने आरोपींना पुराव्याअभावी निर्दोष सोडलं.

मी असं म्हणत नाही की सिनेमाने ते थांबवायला हवं होतं. सिनेमा पोलीस नाही आणि न्यायालयही नाही. पण स्वतःला एक प्रश्न विचारतो, तुम्हीही विचारा. फेब्रुवारीत थिएटरात आम्हाला धक्का बसला म्हणून आम्ही हळहळलो. एप्रिलमध्ये गावात घडलं तेव्हा किती जण बोलले? साक्षीला उभं राहायची वेळ आली तेव्हा किती जण टिकले? धक्का सुखद राहिला, कारण तो तिकिटाच्या पैशांत बसला आणि दोन तासांनी संपला.

दोन वर्षांनी, २९ एप्रिल २०१६ ला, ‘सैराट’ आला. त्याने कमाईचे सगळे अंदाज मोडले, शंभर कोटींच्या घरात गेलेला पहिला मराठी चित्रपट. लोक गाण्यांवर थिएटरात नाचले. आणि शेवटची काही मिनिटं, आवाजच नाही. त्या लहान मुलाची रक्ताची पावलं. नाचणारं थिएटर एकदम शांत. मला वाटतं मंजुळे यांना आपल्या अपेक्षा पक्क्या माहीत होत्या. प्रेमकथेचा शेवट गोड होणार, ही अपेक्षा त्यांनी अडीच तास जपली, वाढवली आणि मग हिशेब मागितला. त्या शेवटानेही धक्का न बसलेली घरं महाराष्ट्रात आहेत. त्या घरांनी तो शेवट आधी पाहिलेला आहे.

समारोप करतो. मघाशी एका बाईंनी विचारलं होतं, मग अपेक्षा न ठेवताच नाटक-सिनेमाला जायचं का? नाही हो, ते जमणारच नाही. अपेक्षा म्हणजे आपण आजवर पाहिलेल्या सगळ्याची गोळाबेरीज. ती घेऊनच आपण जाणार. फक्त ती मोडली की दोन गोष्टी करा. आधी मनापासून खूश व्हा, कारण आपल्याला अजून काहीतरी नवीन कळू शकतं याचा तो पुरावा आहे. ख्रिस्ती मुलाच्या कृष्णाला हात जोडणारा १९३२ चा प्रेक्षक मला म्हणूनच फार मोठा वाटतो. त्याने कोणतं पुस्तक वाचून ते केलं नव्हतं. समोर आलं, खरं वाटलं, त्याने मान्य केलं.

आणि मग शेजारच्या खुर्चीकडे बघा. तिथे बसलेल्या माणसाला धक्का बसला नसेल, तर त्याला चहाला घेऊन जा आणि त्याचं ऐका. माझ्या त्या विद्यार्थ्याने टपरीवर मला जे सांगितलं, ते त्या दिवशी पडद्यावरही नव्हतं. आणि ते ऐकायला मला, त्याचा शिक्षक असून, इतकी वर्षं लागली होती.

एवढं बोलून थांबतो.